बेलाचं पाणी

अहमदपूर

प्रिय चांगुणा,

तुझं पत्र मिळालं. नांदेडच्या नव्या घरात आपल्यासारखीच सांडपाण्याची सोय करायची म्हणतेस, नकाशा मागतेस. सोबतच्या कागदावर सगळं काढलंय. पण गवंड्याला बोलावण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. वाचून झाल्यावर माझ्याशी बोलावंसं वाटेल की नाही, कुणास ठाऊक. शाळेत आपण एका बाकावर बसायचो, पुढे मी तुझी वहिनी झाले, तरी तू मला उमीच म्हणत आलीस. ते जाईल या भीतीने दहा महिने गप्प बसले.

काम सोपं आहे. न्हाणीचं पाणी आधी खड्ड्यात सोडायचं. खड्ड्यात खाली दगडगोटे, त्यावर विटांचे तुकडे, वर वाळू. वाळू पंधरा दिवसांनी बदल, नाहीतर वास सुटतो. भांडी राखेने घासायची. पुढे पन्हाळ केळीला, तिथून लिंबोणीला. गेल्या उन्हाळ्यात हापसा कोरडा पडला, टँकर आठवड्यातून एकदा यायचा, तेव्हा याच पाण्यावर आपलं परस हिरवं राहिलं. गल्लीत माझा रुबाब काय वाढला! मला मुळातच मोठेपणा आवडतो, तुला माहीत आहे. लातूर जिल्हा नवा, कचेरीतले साहेबही नवे आणि उत्साही. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं आणि एक दिवस जीप दारात उभी राहिली.

पिण्याचं पाणीही मीच मोजून द्यायची. सकाळी माणशी एक तांब्या, दुपारी एक. तुझे अण्णा बायकोला हसायचे, "घरातबी कलेक्टर आली म्हणायची!" अव्वा सासूच ना माझ्या, त्या मात्र हसायच्या नाहीत. आमचं वाजलं ते परसातल्या बेलाच्या झाडावरून. पन्हाळ मी तिकडे वळवली, तर त्यांनी ती उचलून फेकून दिली. "लिंगावर वाहायचं पान हाय त्ये. न्हाणीचं पानी पाजून कसं चालंल?" मी म्हटलं, झाडाला काय कळतंय? मग त्यांनी बेलासाठी तांब्याभर चांगलं पाणी मागितलं. एकच तांब्या. मी दिला नाही. नियम सगळ्यांना सारखा, म्हटलं. वाळतोय तर वाळू दे, असंही म्हटलं.

बेल वाळला नाही. चैत्र सरला तरी टवटवीत. केळीच्या आळ्यातलं पाणी मुरत मुरत तिकडे जात असणार, असं मी धरून चालले आणि अव्वांची जिरली म्हणून मनातून खूशही झाले. साहेबांना तर मी ऐटीत सांगितलं की आमचा बेलसुद्धा न्हाणीच्या पाण्यावर जगतो. अव्वा उंबऱ्यात बसून ऐकत होत्या. मला खोटं पाडलं नाही त्यांनी. साहेब म्हणाले, आठ दिवसांनी फोटोवाला घेऊन येतो.

त्यानंतर एका सकाळी पूजा आटोपून अव्वा परसात गेल्या. मी दाराआड होते. पूजेआधी त्या पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत, तुला ठाऊकच आहे. पूजा झाली, वाट्याचा तांब्या हातात होता, आणि त्यांनी तो बेलाच्या बुंध्याशी रिकामा केला. दुपारचा अर्धाही तिथेच गेला. त्यांचे ओठ फुटले होते, बोलताना जीभ टाळूला चिकटायची. तोवर मी ते उन्हावर ढकलत होते.

मी पाहिलं, चांगुणा. चार पावलं पुढे होऊन हात धरायला हवा होता. पण फोटोला दोन दिवस राहिले होते आणि मला बेल हिरवा हवा होता. फोटो झाला की बोलू, असं मी ठरवलं. दोन दिवस त्या पाणी ओतत राहिल्या आणि मी कामं करत राहिले.

फोटो झाला त्याच दुपारी त्या परसात कोसळल्या. पुढचं तू पाहिलंस. नांदेडचा दवाखाना, बंद झालेली लघवी, पाच दिवस तू त्यांच्या उशाशी. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, त्यात ऊन. मी होकाराची मान हलवली. शुद्धीवर आल्या की त्या तुला सांगायच्या, "उमीनं लई केलं माझं." त्यांनी मला दाराआड पाहिलं होतं का, हे मला कधीच कळणार नाही.

आता हे का लिहिते ते सांगते. तुझ्या पत्रात शेवटी एक ओळ आहे: 'अव्वाला जपलंस तसं माझ्या सासूबाईंना जपायला मला शिकव.' ती वाचली आणि मला जेवण गेलं नाही. नकाशा बरोबर आहे, झाडं जगतील. सासूबाईंना मात्र समोर बसून पाणी पाज, भांडं रिकामं झालेलं बघ. अण्णांना मी अजून काही सांगितलेलं नाही, आधी अव्वांच्या लेकीला सांगायचं होतं. अव्वा जाऊन वर्ष होईल तेव्हा समाधीवर सगळे जमतील, तूही येशील. मला जे बोलायचं ते तिथे सगळ्यांसमोर बोल, मी ऐकून घेईन. फक्त कुणी माझं कौतुक करायला लागलं, तर तू मान हलवू नकोस.

अजून म्हणू देणार असशील तर,
तुझीच,
उमी