बादलीतलं तीस फूट पाणी

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय निशिगंधा,

रोज उठून फोनवर बोलणारी ही बाई कागद घेऊन का बसली, असं तुला वाटेल. आधी तुझ्या मशीनचं सांगते. माझा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

तुझा भाऊ आदर्श तिकडनं इथं एका लग्नाला आला तेव्हा ते माझ्या दुकानात ठेवून गेला. मी आपली मिक्सर, टीव्ही, इस्त्री दुरुस्त करणारी. पडदा असलेला तो डबा, त्याची बॅटरी आणि लांब वायरीला लोंबणारा गोल सेन्सर बघून मला वाटलं, दवाखान्यातलं काहीतरी आहे. आदर्शनं समजावलं. तुमच्याकडं हिवाळ्यात तळं गोठतं, माणसं त्यावर चालत जातात, बर्फाला भोक पाडतात आणि गळ सोडतात. सेन्सर त्या भोकातनं पाण्यात सोडायचा. तो खाली आवाज पाठवतो, आवाज तळाला आणि माशाला आपटून परत येतो, त्यावरून पडद्यावर खोली दिसते, मासे दिसतात. तू फोनवर म्हणालीस, ह्यांना दोन हिवाळे मासे नुसते दिसतात, गळाला एकही लागत नाही, मशीन खोटं बोलतंय, ह्यांच्या वाढदिवसाच्या आत गुपचूप नीट करून दे. आमच्या घरात अंडं येत नाही आणि मी मासे शोधायचं यंत्र उघडून बसले. आमचे हे, बसवराज, फाउंड्रीतनं आले की रोज विचारायचे, लागला का मासा?

बॅटरी बघितली, चांगली होती. वायर मीटरवर तपासली, कुठं तुटलेली नव्हती. मग बादलीभर पाणी घेतलं, सेन्सर सोडला आणि मशीन चालू केलं. पडद्यावर तीस फूट पाणी! मधेच दोन मासे येऊन गेले. सासूबाई, आमच्या अक्काताई, बाजूला शेंगा निवडत होत्या. त्या उठून बादलीत वाकून बघून आल्या आणि म्हणाल्या, “पोरी, मला तर काय दिसंना. चष्मा बदलाय पायजे बघ.”

मला वाटलं, बादली अरुंद, आवाज कडांना आपटून उलटासुलटा येत असेल. म्हणून रविवारी बसवराजांना घेऊन कागलला दिरांच्या विहिरीवर गेले. तिथंही तीस फूट. दोरीला दगड बांधून सोडला तर पाणी त्याच्या निम्मंसुद्धा नव्हतं. दीर म्हणाले, “वहिनी, एवढं पाणी असतं तर मी दुसरी मोटर बसवली नसती व्हय?” घरी येऊन डबा खोलला, ओल धरली असेल म्हणून सगळं वाळवलं, सोल्डरिंग भिंगाखाली बघितलं. काही नाही. शेवटी वैतागून सेन्सरची वायरच काढून टाकली. आणि निशा, सेन्सर टेबलावर पडलाय आणि मशीन तीस फूट पाण्यातले मासे दाखवतंय. मी कितीतरी वेळ त्या माशांकडं बघत बसले. आपण काय शिकलो होतो पॉलिटेक्निकला, असं वाटायला लागलं.

मग सुचलं. टीव्हीच्या शोरूममध्ये गिऱ्हाइकाला दाखवायला नुसतं एक चित्र फिरत असतं ना, तसलं हे. मेनूत खोल जाऊन बघितलं, तर डेमो चालू होता. बंद केला, सेन्सर जोडला आणि परत विहीर गाठली. मशीननं दोरीएवढीच खोली दाखवली. त्यात काहीही बिघाड नव्हता.

इथं मी सुटायला हवं होतं, पण उलटी जास्तच अडकले. तो डेमो चुकून लागणारा नाही. आत आत जावं लागतं, मशीन ‘नक्की का?’ म्हणून विचारतं, त्याला हो म्हणावं लागतं. दुसरं म्हणजे, पहिल्यांदा बादलीत सोडताना मीच सेन्सरच्या तोंडावरची पातळ प्लास्टिकची पट्टी सोलून काढली होती. नव्या मोबाईलवर असते तसली, कंपनीतनं आलेली. तेव्हा हात आपोआप चालला, डोकं चाललं नाही. दोन हिवाळे पाण्यात बुडालेल्या सेन्सरवर ती पट्टी राहील कशी? आदर्शनं दुसऱ्याचं मशीन आणलं का, असंही वाटलं, पण मागच्या बाजूला तूच चिकटवलेली दाजींच्या नावाची, ‘उदयसिंह’ अशी चिठ्ठी होती.

आणि मग तुझा गेल्या महिन्यातला फोन आठवला. मशीनचं बोलता बोलता तू मधेच विचारलंस, “हे खरंच जातात का गं तिथं?” मी विचारलं, कुठं? तू म्हणालीस, काही नाही, आणि भिशीचा विषय काढलास. मला आता कळेना, तू मशीन दुरुस्तीला पाठवलंस की तपासायला. तुला ‘नीट झालं’ म्हणून मोकळं व्हावं, तर मनाला पटेना. पट्टीचं सांगावं, तर तुझ्या घरात काय पेटेल, तेही कळेना. दोन दिवस मी गिऱ्हाइकांच्या वस्तू अदलाबदल करून दिल्या. एका बाईचा मिक्सर दुसरीकडं गेला. शेवटी ठरवलं, ज्याची वस्तू त्यालाच विचारायचं. तुझं गुपित मी फोडलं, त्याबद्दल रागव. दाजींना एवढाच मेसेज केला की मशीन माझ्याकडं आहे, चांगलं आहे, पण ते कधी पाण्यात गेलेलं दिसत नाही.

सकाळी दुकानाचं शटर वर करत होते, तेव्हा त्यांचा फोन आला. आधी नुसतेच हसले. मग म्हणाले, “ताई, पंचगंगेला पूर आला की पुलावनं उडी टाकणारा गडी मी. शिवाजी पेठेत कुणालाबी विचारा.” मी म्हटलं, माहीत आहे. मग त्यांनी सगळं सांगितलं.

पहिल्या हिवाळ्यात ऑफिसातल्या लोकांबरोबर ते तळ्यावर गेले होते. किनाऱ्याजवळच बर्फ फुटला आणि ते कमरेपर्यंत आत गेले. लोकांनी ओढून काढलं, गाडीत बसवलं, कॉफी पाजली, थट्टा केली. हेही हसले. घरी येताना पॅंट वाळवून आले आणि तुला काही सांगितलं नाही. त्याच आठवड्यात तू नोकरीचा पहिला पगार झाला म्हणून हौसेनं हे मशीन आणलंस. “तिचं तोंड बघून मला न्हाय म्हणता आलं न्हाय,” म्हणाले. पुढच्या रविवारी गेले, बर्फाच्या कडेला उभे राहिले, पण पाय पुढं पडेना. “पाय माझा, आणि माझं ऐकंना.” तेव्हापासून हिवाळ्यात दर रविवारी ते तळ्यापर्यंत जातात, गाडी लावतात आणि आतच बसतात. मशीन शेजारच्या सीटवर त्या डेमोवर चालू करतात, म्हणजे घरी आल्यावर तुला सांगायला काहीतरी राहतं. दिसले होते, लागले नाहीत. मित्रांना सांगितलंय, बायको सोडत नाही. कुठं दुसरीकडं जात नाहीत गं ते. काच धुक्यानं भरली की पुसतात आणि लांबची माणसं बघत बसतात.

मी म्हटलं, दाजी, हे निशाला सांगा. म्हणाले, “तोंडातनं शब्द येत न्हाय, ताई. लै वेळा तयारी केली. तुम्ही सांगा. पण फोनवर नको, अर्ध्यातच ती मला हाक मारंल, आणि मी परत कायतरी थाप मारून मोकळा हुईन. लिहून पाठवा. शेवटपर्यंत वाचंल.” म्हणून हे पत्र, निशा. कुरिअर कधी पोचणार ते मी त्यांना कळवलंय. तू हे वाचत असशील तेव्हा ते घरातच असतील, बहुतेक स्वयंपाकघरात, उगाच काहीतरी धूत. बर्फाची जितकी भीती वाटते, त्याहून जास्त भीती त्यांना तू हसशील याची आहे. तेव्हा आज हसू नकोस. कागद बाजूला ठेव आणि आत जा.

तुझीच, तिकडच्या बातमीची वाट बघणारी,
सौंदर्या