दोघं बसल्यावर येणारा आवाज

४ फेब्रु. ७३, रवि.
नलूला मागे घेऊन चेंबूरला, थोरल्या भावाकडे, अण्णाकडे. मोटरसायकल मुळात त्याचीच, गेल्या वर्षी त्याने मला देऊन टाकली. वाटेत आवाज. कट्... कट्. खड्डा आला की. येताना नलू भाजीला भांडुपला उतरली, तिथून घरापर्यंत एकटा आलो. आवाज नाही.

६ फेब्रु.
ऑफिस सुटल्यावर पीटर मिस्त्रीकडे. त्याने फेरी मारली. "आवाज नाय रे." चेन घट्ट करून दिली.
घरी येऊन नलूला बसवलं. गल्लीच्या तोंडाशीच कट्.

१० फेब्रु., शनि.
सायलेन्सर झाला, मागचे शॉकअप झाले, सीटचे बोल्ट झाले. जे आवळता येतं ते आवळून झालं. मी एकटा असलो की गाडी गुमान चालते.
अण्णा ह्याच गाडीवरून पडला होता, पवईच्या उतारावर. वहिनी मागे होत्या. त्यांचा उजवा हात अजून कोपरात सरळ होत नाही. अण्णा तेव्हा म्हणाला होता, हँडल आपोआप लटपटलं. कुणी मानलं नाही. आमचे वडील अजून 'वेगाची मस्ती' म्हणतात. वहिनींनी कधी काही म्हटलं नाही.

११ फेब्रु., रवि.
सकाळी मुलुंड कॉलनीच्या पुढे, डोंगराकडचा रस्ता. सामसूम. नलूला म्हटलं, तू चालव, मला मागे बसून ऐकायचंय.
"अहो, साडीत?"
तरी पदर खोचला. सायकल येते तिला, तोल ठीक आहे. क्लच सोडताना गाडी बंद पडत राहिली, मग चालली. मी मागे, दोन्ही हात तिच्या बाजूंनी पुढे घालून टाकीवर. खड्डा आला आणि कट् थेट बोटांना लागला. टाकीखाली आहे, हँडलजवळ.
सापडला म्हटलं, थांब आता. नलू थांबेना. आणखी एक फेरी मारलीच.

१२ फेब्रु.
पीटरने टाकी उतरवली. हँडलच्या मानेखाली फ्रेमला तडा. दोघांचं वजन पडलं की उघडतो. आतून गंजलेला.
"हा आजचा नाय. जुना हाय."
अण्णा पडला त्याच्या आधीचा?
"तडा गेला म्हणून पडला का पडला म्हणून तडा गेला, ते मी कसा सांगू?"
वेल्डिंग करू का भंगारात देऊ, विचारत होता. सांगतो म्हटलं. गाडी त्याच्याकडेच.

१८ फेब्रु., रवि.
बसने चेंबूर. अण्णाला गॅलरीत सांगितलं. वाटलं होतं, हायसं वाटेल त्याला. चेहरा उतरला. खाली रस्त्याकडे बघत म्हणाला,
"आवाज तेव्हाही येत होता रे. चेन असेल म्हणून सोडून दिलं."
मग आत स्वयंपाकघराकडे बघून म्हणाला,
"हिला बोलू नकोस."
तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. काय चाललंय विचारलं. अण्णा म्हणाला, काही नाही, गाडीचं.

२५ फेब्रु., रवि.
वहिनी आल्या. एकट्याच, अण्णाला न सांगता. त्या दिवशीचं अर्धं ऐकू आलं होतं म्हणाल्या. तो तडा बघायचाय.
नलू पण आली गॅरेजवर. वहिनींनी डाव्या हाताचं बोट तड्यावरून फिरवलं. पीटर बाजूला झाला.
"भावोजी, ह्यांना आधी आवाज येत होता का?"
म्हटलं, अण्णालाच विचारा ना.
"त्यांना विचारता आलं असतं तर इथवर आले असते का?"
नलू माझ्याकडे बघत होती. तिलाही मी काही बोललेलो नाही.
वहिनींना स्टॉपवर सोडायला गेलो. बसला वेळ होता. त्यांनी परत विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. बस आली तशी डाव्या हाताने दांडा धरून त्या चढल्या.