यकृतातल्या पाहुण्याविषयी तक्रार

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार. आपली कंबर आता आपल्याला उठू-बसू देत असेल, अशी आशा करतो. वहिनींनाही नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे; म्हणजे तुमची बहीण आनंदात आहे आणि मी त्या आनंदाचा साक्षीदार आहे.

कारण असं की तिच्या आयुष्यात ‘तो’ आलाय. हिवतापाचा परजीवी. (हसू नका. माणूस असता तर चहाला बोलावून चार उणिवा तरी काढल्या असत्या.) तिच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीत यकृताच्या पेशी वाढवतात आणि डासाच्या लाळग्रंथीतून काढलेले हे गृहस्थ त्यांच्यावर सोडतात. हा पहिल्या पेशीत मुक्काम करत नाही. एकीतून आरपार, दुसरीतून आरपार, अशी भिंती फोडत बरीच घरं पाहतो आणि मग एक पसंत करतो. (मी एकच स्थळ पाहून होकार दिला, त्या गुणाकडे कुणी भिंग वळवलं नाही.) मग त्या पेशीच्याच आवरणाची खोली करून राहतो, तिचंच खातो, तिला मरू देत नाही आणि एकाचे हजारो होतात. हे सांगताना तिच्या डोळ्यांत जी चमक येते, ती माझ्या एकाही श्लोकाच्या वाट्याला आलेली नाही. शास्त्रात त्या पेशीला ‘यजमान’ म्हणतात म्हणे. इतकी वर्षं या घरात यजमान मी होतो, दादा.

परवा तिचं जाहीर व्याख्यान झालं. त्यातलं मराठी मीच घासूनपुसून दिलं होतं. ‘कृतघ्न’, ‘अधम’, ‘परान्नपुष्ट’ अशी माझी निवडक विशेषणं तिने एकूण एक खोडली. वर म्हणाली, “अहो, त्याला तरी दुसरं काय येतं?” (माझा चष्मा हरवतो तेव्हा ही कणव कुठे जाते, कोण जाणे.) शेवटी एका बाईंनी विचारलं, पेशी त्याला हाकलून का देत नाही? तुमची बहीण पाण्याचा घोट घ्यायला थांबली आणि पहिल्या रांगेतून माझ्या तोंडून गेलं, “लाडावून ठेवलाय म्हणून!” “हे आमच्या घरचे,” असं सांगून तिने शांतपणे खुलासा केला, की पेशी त्याला पचवून टाकायला धावतेच, कित्येक परजीवी संपतातही. पण जो टिकतो तो तिच्या त्या पचवण्याच्या व्यवस्थेवरच पोसला जातो. मग माझ्याकडे बघत म्हणाली, “चिकाटी असते एकेकाची.” लोक हसले. का हसले, यावर माझं चिंतन चालू आहे.

आता मुद्दा. एका दूरच्या, बर्फाळ देशातल्या प्रयोगशाळेने तिला दोन वर्षांसाठी बोलावलंय. तिथल्या भिंगातून तो जिवंत, हालताना दिसतो. सोमवारी होकार-नकार कळवायचाय. मला विचारलं तेव्हा मी “तुझी मर्जी” म्हणालो, पण अशा सुरात की दगडालाही जावंसं वाटू नये. ती खुशाल बॅगा झाडायला लागली! तुमचा शब्द ती मोडत नाही. थोरलेपणाने फोन करून “जाऊ नकोस” म्हणा. माझं नाव मात्र नको.

आपला
(तूर्त तरी) मेहुणा

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी जेवायला बसलो, तेव्हा तिने पुढचा भाग सांगितला. यकृतातून निघताना तो त्या पेशीचंच आवरण पांघरतो, आणि रक्तातले पहारेकरी ‘घरचंच माणूस’ समजून त्याला जाऊ देतात. माझा घास हातातच राहिला. मी चाचरत विचारलं, “तुझ्याबरोबर नवऱ्याला येऊ देतात का गं?” ती भात कालवत म्हणाली, “मी केव्हाच दोघांची खोली मागितलीय.”

आणखी एक ता. क. फोन करू नका. तुमचा तो जाड लोकरी कोट तेवढा पाठवा. मला ढगळ होईल, पण पांघरून निसटण्यापुरता पुरे.