हणमंतरावाची गंज

प्रिय शेषा,

तुझं पाकीट मिळालं. आतला कागद वाचता वाचता तव्यावरची भाकरी करपली. त्या कागदाचं शेवटी बोलते, आत्ताच बोलले तर हे पत्र पोस्टात टाकण्यासारखं राहणार न्हाई.

बालाजी खुशाल हाय. राजस्थानच्या हद्दीवर लोकांच्या शेतात सुरुंग पुरायलाय. लिहितो, "आई, इथं वाट बघणं एवढंच काम हाय." दोन्हीकडच्या फौजा हिवाळ्यापासून समोरासमोर बसल्यात आणि मी इथं रेडिओचा कान पिळत.

तुझं मात्र बरं चाललंय. क्लासच्या दारात चपलांचा ढीग, पोरं डॉक्टर करायची म्हणून अर्धा मराठवाडा तुझ्या पायाशी. पाकिस्तानातला आपला राजदूत माघारी बोलावला तेव्हा तू म्हणे क्लासात पेढे वाटलेस, आणि पोरांना सांगितलंस, "एकदाचा बॉम्ब टाका, विषय संपवा." शाबास! तुला बॉम्ब टाकायला खडू पुरतो. त्यांच्याकडंही तोच बॉम्ब हाय, ते फळ्यावर लिहिलंस का?

तुझी ही अक्कल नवी न्हाई. भूकंपाआधी जुन्या गावात हणमंतरावाची आणि आमची कडब्याची गंज एकाच भिंतीला होती, एकमेकीला लागून. सांडपाण्यावरून भांडण. त्यो रोज काडेपेटी वाजवून दाखवायचा, "बाई, एक दिस पेटवतो बघ तुझी गंज." तू गणपतीला आलेला. मला म्हणालास, "अक्का, आपणच आधी पेटवू त्याची. आन् बोलणं टाक त्या हलकटाशी." अरे शहाण्या, वारा काय हद्द बघून वाहतो? त्याची पेटली की आमची पेटणार, मग दोन्ही घरं.

मी गंजीपाशी कुत्रं बांधलं आणि बोलणं चालू ठेवलं. गोड न्हाई हं. त्याच्या पाया पडले न्हाई, साखर वाटायला गेले न्हाई. रोज सकाळी भिंतीवरून मी त्याचा बाप काढायची, त्यो माझा. मधेच त्याची बायको नीलम्मा टोचायची, "अक्का, तुमचा भाऊ कवा जाणार? मागच्या खोलीत असा घोरतोय, आमची भिंत हलायलीय!" त्या शिव्यांतूनच कळायचं, पलीकडं कोण आजारी हाय, कोण तापलंय, आज कुणाच्या हातात काडी असू नये.

गणपती बुडवले आणि पहाटे धरणी हलली. माळवदाची माती सगळ्यांवर सारखीच पडली. मी अंगणात, तोंडातून शब्द फुटेना. तू कुठं गाडला गेलास ते नीलम्मानं सांगितलं, "त्यो घोरणारा मागच्या खोलीत, आमच्या भिंतीकडं डोकं करून निजतो." आणि उकरलं हणमंतरावानं, नुसत्या हातांनी. त्याची नखं गेली, बोटं कायमची वाकडी झाली. तुला ओढून काढल्यावर आधी शिवी हासडली, मग पाणी पाजलं. गल्लीच्या टोकाला दोघा भावांची बोलचाल बंद होती. कोण कुठं निजतं ते एकाला दुसऱ्याचं ठाऊक न्हवतं. लोक भलत्याच खोलीत उकरत बसले.

हणमंतराव देवमाणूस झाला असं समजू नको. नव्या गावात त्यानं माझ्या हद्दीत कुंपण सरकवलंय. कुत्रं अजून बांधते मी. आणि बोलतेही. आज सकाळी तुझ्या कागदाबद्दलच बोललो.

तर तो कागद. रविवारी तुझ्या क्लासात सभा, "बोलणी बंद, आता युद्धच", आणि सत्कार कुणाचा, तर वीरमाता महादेवीबाईंचा, म्हणजे माझा. वर बालाजीचा फोटो, भोवती झेंडूचा हार छापलेला. शेषा, जित्या माणसाच्या फोटोला हार घालतात का रे? तुझ्याच मांडीवर त्याचं जावळ काढलं होतं. तुझं पोरगं डॉक्टर होणार आणि माझं पोरगं आत्तापासूनच फोटोत? मी येते रविवारी. हणमंतरावाला घेऊन येते, एसटीत भांडत येऊ. दोन खुर्च्या ठेव. त्याची वाकडी बोटं तुझ्या पोरांना दाखवून विचारते, की ह्याच्याशी बोलणं टाकलं असतं तर तुमचे सर आज कुठं असते? शाल नको, नारळ नको. तेवढा तो झेंडू आधी खोड.

तुझीच,
अक्का