चाळीस उत्तरं

१० जानेवारी, शनिवार
कॅनडाला पोहोचलो. लग्नानंतर सात महिन्यांनी मेलनी भेटली. मिसिसागाच्या एअरपोर्टवर फुगा घेऊन उभी होती. घर लहान पण उबदार. तिच्या मम्मींनी, इमेल्डांनी, बोंबील तळले होते. वसईच्या जावयाला पहिल्याच दिवशी पिझ्झा कसा घालू, म्हणाल्या. मेलनीचा पहिला नवरा गॅविन वारला, हे मला लग्नाआधीच सांगितलं होतं. खोलीत त्याचा फोटो नाही. बरं वाटलं.

१३ जानेवारी, मंगळवार
पी.आर.साठी, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीसाठी, इंटरव्ह्यूला बोलावतील. नवरा-बायको खरेच आहेत का, हे दोघांना वेगवेगळं बसवून विचारतात. मेलनीने चाळीस प्रश्नोत्तरांचे कागद दिले. शेवटचं पान नाही. प्रिंटरची शाई संपली. मी आधी शुद्धलेखन तपासलं. मग लक्षात आलं, उत्तरंच चूक आहेत. मी चहात दोन चमचे साखर घेतो, लिहिलंय, बिनसाखरेचा. डाव्या कानाने ऐकू येत नाही. पोटावर ऑपरेशनचा व्रण. यातलं मला काहीच नाही.

मेलनी ओशाळली. गॅविनच्या वेळचा अर्ज कॉम्प्युटरवर होता. घाईत तिने शेवटी एक प्रश्न वाढवला आणि फक्त नाव सगळीकडे एकदम बदललं, गॅविनच्या जागी माझं, पर्सी.

"आता तेच सबमिट झालंय रे. बदललं तर फ्रॉड वाटेल. तू पाठ कर ना."

मी बारावी नापास. पण पाठांतर पक्कं. परत पाठवलं तर गावात आईला तोंड दाखवता येणार नाही.

१९ जानेवारी, सोमवार
पस्तीस तोंडपाठ. मम्मी भांडी घासता घासता प्रश्न विचारतात. मी चुकलो की, "साहेब, कॅनडा बंद," म्हणतात. आज चहात साखर घातली. घोट गिळवेना. ओतून दिला.

२५ जानेवारी, रविवार
चर्चमध्ये मिसाला माझ्या डावीकडे गाणारे बसले होते. ओठ हलत होते. आवाज नाही. घरी आल्यावर मम्मींना सांगितलं.

"मग आता खोटं बोलायची गरज नाही, बाबा," त्या म्हणाल्या.

घाबरायला हवं होतं.

३० जानेवारी, शुक्रवार
पोटावर व्रण. चार इंच. जुना, पांढरा. दाबून पाहिला. काही वाटलं नाही.

आईला व्हिडिओ कॉल केला. तिने अहो-जाहो केलं. पर्सीला फोन द्या, म्हणाली.

४ फेब्रुवारी, बुधवार
पाठांतर बंद, घरी जातो, असं मेलनीला सांगितलं. ती रडली. इंटरव्ह्यू सोमवारी आहे; तेवढे चार दिवस थांब, म्हणाली. थांबतो म्हणालो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
शाई आणली. शेवटचं पान मीच छापलं.

प्रश्न चाळिसावा: पहिला नवरा कसा वारला?

उत्तर: पर्सी ७ फेब्रुवारीला सकाळी, घरापुढच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढताना कोसळला.

नाव सगळीकडे बदललेलं. मी पर्सी खोडून गॅविन लिहिलं. तीनदा लिहिलं. वाचताना पर्सीच येतं.

७ फेब्रुवारी, शनिवार
रात्रभर बर्फ. मेलनी ड्यूटीवर. मम्मींना दहाला डॉक्टरकडे जायचंय, गाडी अडकलीय. बर्फ काढशील का, विचारलं त्यांनी. नाही म्हणालो. खोलीला कडी लावली. टेबलाशी बसून लिहितोय. उठायचं नाही. लिहीत राहायचं—

पायात बूट आहेत. मी घातले नाहीत—

थंडी वाजत नाही. अक्षर फुटतंय, कागद ओला होतोय. वर पाहिलं. छत नाही, नुसता बर्फ—