माहेरच्या नावाने

४ मार्च
नवीन काम गळ्यात. एकीकडे प्रसूती विभागाच्या नोंदी, दुसरीकडे मानसोपचाराच्या — दोन्ही जोडायच्या. बाळंतपणानंतर वर्षभरात किती बायका तिकडे पोचल्या, आणि त्याआधी इकडे कुणाच्या लक्षात आलं होतं का, ते बघायचं. जुळतात त्या नोंदी संगणक परस्पर जोडतो. न जुळणाऱ्या माझ्या टेबलावर. म्हणजे खरकटं माझ्या वाट्याला.

७ मार्च
दीडशे झाल्या. सहाव्या आठवड्याच्या तपासणीत 'मनःस्थिती' म्हणून एक रकाना आहे. सगळीकडे 'ठीक'. एकीने त्यानंतर अकराव्या दिवशी विष घेतलं. वाचली, म्हणून तिकडे नोंद तरी आहे. तिच्याही पुढे 'ठीक'.
तिथल्या परिचारिकेला जाब विचारायला गेले. ती म्हणाली, एका सकाळी साठ बायका, प्रत्येकीचं मन कधी बघू? तणतणत परत आले.

१२ मार्च
जेवताना आईचं तेच रडगाणं. सून दोन वर्षं माहेरी जाऊन बसली, नातवाचं तोंड दिसत नाही. दादा मान खाली घालून जेवत होता. मी म्हटलं, बाळंतपणं सगळ्यांचीच होतात, हिचंच काय कौतुक! आईला बरं वाटलं.

१८ मार्च
एक नोंद जुळेना. जन्मतारीख तीच, फोन तोच, आडनाव वेगळं. मग फोन नंबर नीट वाचला. तो मला पाठ आहे.
वहिनी.
तिकडे, मानसोपचारात, माहेरच्या नावाने दाखल झालेली. एकवीस दिवस. बाळ तेव्हा चार महिन्यांचं. आम्हाला सांगून गेली होती, वडिलांना बरं नाही.
ओळखीचं कुणी निघालं तर फाइल बंद करून साहेबांकडे द्यायची, असा नियम आहे. नाही दिली.

१९ मार्च
दादाला गाठलं. तुला माहीत होतं? म्हणाला, "हो. तिने शपथ घातली होती. आईंना एक वेळ सांगा म्हणाली, पण वन्संना नको."
आईला चालेल, मला नको? मी काय तिला खाणार होते? दवाखान्यातली मी एकटी या घरात. मला सांगितलं असतं तर चार डॉक्टर उभे केले असते. दिवसभर डोकं तापलेलं. दादावर, तिच्यावर, सगळ्यांवर.

२० मार्च
तिच्या सहाव्या आठवड्याच्या तपासणीचा मूळ कागद काढला. मागच्या बाजूला पेन्सिलीने चार ओळी — 'बाई रडते. बोलत नाही. सोबत नणंद, इथेच नोकरीला. नणंद म्हणते, नाटकं आहेत, लक्ष देऊ नका.'
मला तो दिवस आठवतसुद्धा नाही.