पुढची खोली फक्त धंद्यासाठी

३ सप्टेंबर

चि. चिमणीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

कळवायला आनंद होतो की यंदा माझ्या धंद्याचं रिटर्न मी तुझ्या मदतीशिवाय स्वतः भरलं. बहीण करसल्लागार झाली म्हणून टोप बनवणाऱ्या भावाला अक्कल नसते असं थोडंच आहे! नाटकवाल्यांचे केसांचे टोप मी पुढच्या खोलीत बनवतो, म्हणून घरभाड्यातला त्या खोलीचा वाटा खर्चात दाखवला आणि 'ही खोली फक्त धंद्यासाठी वापरली जाते' या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

भरल्यावर काय करायचं ते तूच मागे सांगितलं होतंस. कोणी कधीही येऊन पाहिलं तरी लिहिलेलं खरं ठरलं पाहिजे. मी ते तंतोतंत पाळतोय. अडचण एवढीच, की घराला दार एकच आणि ते त्याच खोलीत. त्यामुळे दारातून आता फक्त गिऱ्हाईक येतं. तुझी वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ये-जा करते. पहिल्यांदा कुरकुरली, आता स्टुलावरून सरसर चढते. दुकान बंद केलं की मीही दारातून बाहेर पडतो आणि वळसा घालून खिडकीतून घरी येतो. दूधवाला जाडा, तो काही खिडकीत मावत नाही. गिऱ्हाईक ठरावा म्हणून त्याला रोज एक टोप घालून बघावा लागतो. काल त्याने राजाचा टोप घातला आणि खुशीत येऊन दूध मापापेक्षा जास्त ओतलं.

काळजी आहे ती आईची. खुब्याच्या ऑपरेशनपासून ती तुझ्याकडे आहे, आता वॉकर घेऊन चालते म्हणतेस. तिला खिडकी कशी जमणार? ती गिऱ्हाईक म्हणून येईल का, तेवढं विचारून कळव.

लोभ आहे तसाच ठेव, निदान पुढच्या रिटर्नपर्यंत.

तुझा दादा

९ सप्टेंबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी पोट धरून हसले. मग वहिनीचे गुडघे आठवले आणि हसू पळालं. अरे, रिटर्न भरल्यावर पावत्या जपून ठेवायच्या, कर बाकी असेल तर भरून टाकायचा, पुढच्या करासाठी दर महिन्याला थोडं बाजूला टाकायचं आणि आपापल्या कामाला लागायचं. लिहिताना चूक झाली असेल तर सुधारित रिटर्न भरायची सोय आहे. घरातली माणसं ज्या खोलीतून ये-जा करतात ती खोली फक्त धंद्याची नसते, ही तुझी चूक. ती कागदावर सुधारायची असते, खिडकीतून चढून नव्हे.

आईला तुझा निरोप सांगितला आणि फसले. ती म्हणाली, ज्या खोलीत त्याला चालायला शिकवलं तिथे ती गिऱ्हाईक होऊन पाऊल टाकायची नाही. त्या दिवसापासून तिने वॉकर कोपऱ्यात ठेवलाय. डॉक्टरांनी बजावलंय, आत्ता चालली नाही तर ती कायमची अंथरुणाला खिळेल. ती ऐकून घेते आणि भिंतीकडे तोंड करते. घराची किल्ली मात्र उशाशी असते. माझ्याकडे तिला काही कमी नाही, पण तिला घरीच यायचंय. मला ते कळतं आणि जरासं लागतंही.

दादा, थट्टा पुरे झाली. वहिनीला नमस्कार सांग आणि खिडकीखाली काहीतरी मऊ अंथर. माझ्यावर माया कर, पण डोकं ठिकाणावर ठेवून.

तुझी चिमणी

१५ सप्टेंबर

चि. चिमणीस, आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीने मला मोठ्याने वाचून दाखवलं, तेही दोनदा. आईने वॉकर कोपऱ्यात ठेवला हे ऐकून ताटावरून उठलो. मी चुकलो. तिला सांग, गिऱ्हाईक म्हणून नको, आई म्हणून ये.

सुधारित रिटर्न भरायला घेतलंय. अख्खी खोली धंद्याची नाही हे मान्य. पण अख्खी घराची म्हणावी, तर माझी टोपांची लाकडी डोकी काय हवेत ठेवू? म्हणून असं ठरवलं, की दारापासून आतल्या खोलीपर्यंतची वाट घराची आणि उरलेली जागा धंद्याची. दोन्ही बाजूंनी खडूने रेघ मारणार आहे. वाट नेमकी आईपुरती हवी, तेव्हा तिच्या वॉकरची रुंदी मोजून लगेच कळव. अंदाजपंचे नको.

मध्ये घरातलं कपाट येतंय, ते करवतीने कापतोय. वहिनी म्हणते नुसतं सरकवलं असतं तरी चाललं असतं. तिला कोण समजावणार! सरकवलं की घरचं कपाट धंद्याच्या जागेत जातं.

माझ्यावर रागावली असशील तर माप कळवून मग रागाव.

तुझा दादा

२८ सप्टेंबर

चि. चिमणीस, आईचे अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. दारातून आत आले. वॉकर खडूच्या रेघांमध्ये अगदी चपखल बसला, माप तू बरोबर दिलंस. एका बाजूला लाकडी डोकी ओळीने मांडलेली, दुसऱ्या बाजूला तुझा दादा. तो रेघेच्या पलीकडून माझ्याबरोबर चालत होता. हळू ये, घाई करू नको, असं सारखं चाललं होतं, पण पाय काही रेघेला लावत नव्हता. अर्ध्या वाटेत माझा पाय लटपटला. तसं त्याने झटकन आत येऊन मला धरलं आणि आम्ही दोघं खडू पुसत पुसत आतल्या खोलीत पोचलो. वहिनीने मला अर्ध्या कपाटावर बसवलं. बसायला बरं आहे ते.

जेवायला हाक मारली तर हा टेप घेऊन पुढच्या खोलीतच बसलेला. म्हणाला, माप चुकलं, वॉकर हिशेबात घेतला आणि तिला धरून चालणारा माणूस विसरलो. आता पुन्हा सुधारित भरणार, दोघांना शेजारी शेजारी चालता येईल एवढी वाट दाखवणार. कर थोडा जास्त बसेल, असंही म्हणाला. मी त्याला सांगितलं की महिन्याभरात मी एकटी चालायला लागेन, तेव्हा परत अरुंद कर.

तो म्हणाला, नको, तेवढीच असू दे.

तिथे तू माझं मायेने केलंस हे मला ठाऊक आहे, रुसू नकोस. सवड काढून ये, आणि दारातूनच ये.

तुझी आई